मांजरातील मूत्रमार्ग अवरोध

मांजरातील मूत्रमार्ग अवरोध म्हणजे मांजराच्या मूत्राशयातून लघवी शरीराबाहेर नेणारा मार्ग अंशतः किंवा पूर्णपणे बंद होणे. हा आजार जवळजवळ केवळ नरांत, म्हणजे बोक्यांत, आढळतो. पशुवैद्यकात त्याची गणना तातडीच्या आजारांत होते. पूर्ण अवरोधावर उपचार न झाल्यास काही दिवसांत मृत्यू ओढवतो. वेळेवर उपचार झाल्यास बहुसंख्य बोके वाचतात. मात्र उपचारासाठी रुग्णालयात ठेवावे लागते, अवरोध पुन्हा होण्याचा संभव राहतो आणि वारंवार अवरोध झाल्यास मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया करावी लागते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च, तिच्यातून मिळणारे आयुष्य आणि त्या आयुष्याचा दर्जा यांचा एकत्रित विचार करण्याची वेळ मालकावर व पशुवैद्यावर ज्या आजारांत हमखास येते, त्यांतील हा एक प्रमुख आजार आहे.

शरीररचना व कारणे

मादी मांजराचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असतो. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असून टोकाकडे अरुंद होत जातो. श्रोणीच्या भागात तो तुलनेने रुंद असतो. शिश्नातील भागात त्याचा आतील व्यास सुमारे ०.७ मिलिमीटर इतकाच उरतो. त्यामुळे मूत्राशयातून सहज बाहेर पडू शकणारा बारीक खडा किंवा चिकट द्रव्याचा गोळा या टोकाशी अडकतो.

अवरोधाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* मूत्रमार्गातील बूच : प्रथिने, श्लेष्मा, पेशी व स्फटिक यांचा मऊ गोळा. त्यातील स्फटिक बहुधा स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट, या क्षाराचे असतात.
* मूतखडे : मुख्यतः स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट या दोन प्रकारांचे. स्ट्रुव्हाइटचे मूत्राशयातील खडे विशेष आहाराने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे आहाराने विरघळत नाहीत.
* सूज व आकुंचन : मूत्राशयाच्या दाहामुळे मूत्रमार्ग सुजतो आणि त्याचे स्नायू आवळले जातात. अशा वेळी आत खडा किंवा बूच काहीही न सापडता मार्ग बंद झालेला असू शकतो.
* क्वचित आढळणारी कारणे : जुन्या जखमेच्या व्रणामुळे आलेला अरुंदपणा, अर्बुद, जन्मजात दोष.

यांपैकी बऱ्याच कारणांच्या मुळाशी मूत्राशयाचा अज्ञातहेतुक दाह असतो. या दाहात जंतुसंसर्ग सहसा नसतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी केलेल्या संशोधनामुळे त्याचा मांजरावरील ताणाशी असलेला संबंध पुढे आला. घर बदलणे, नवे मांजर आणणे, लिटर ट्रे अस्वच्छ राहणे, लपायला जागा नसणे अशा कारणांनी संवेदनशील मांजरांत हा दाह उसळतो. तरुण व मध्यम वयाचे, स्थूल, घराबाहेर न जाणारे आणि प्रामुख्याने कोरड्या खाद्यावर वाढलेले बोके या आजाराला अधिक बळी पडतात.

लक्षणे व निदान

बोका वारंवार लिटर ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवी होत नाही किंवा थेंब थेंब होते. लघवीत रक्त दिसते. तो शिश्नाचा भाग सतत चाटतो. पुढे तो खाणे सोडतो, लपून बसतो, उलट्या करतो आणि अखेरीस निपचित पडतो. कुंथण्यामुळे अनेकदा हे बद्धकोष्ठ असल्याचा समज होतो आणि मोलाचे तास वाया जातात. पोटाच्या मागील भागात ताठर, मोठा व दुखरा मूत्राशय हाताला लागणे ही निदानाची मुख्य खूण आहे. तो घरी दाबून रिकामा करण्याचा प्रयत्न धोकादायक असतो, कारण ताणलेला मूत्राशय फुटू शकतो. माणसांसाठीचे पॅरासिटामॉल हे वेदनाशामक मांजराला प्राणघातक ठरते.

निदानासाठी रक्तातील पोटॅशियम, युरिया व क्रिएटिनिन यांची तपासणी, लघवीची तपासणी, क्ष-किरण चित्र आणि सोनोग्राफी केली जाते. खडे आहेत की नाहीत, यावर पुढील उपचाराची दिशा ठरते.

शरीरावरील परिणाम

मार्ग बंद झाल्यावर मूत्राशयातील दाब मूत्रवाहिन्यांमार्गे मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो व रक्त गाळण्याचे कार्य मंदावते. साधारणतः २४ ते ४८ तासांत रक्तात युरिया, क्रिएटिनिन, फॉस्फेट व पोटॅशियम साचू लागतात आणि रक्ताची आम्लता वाढते. यांपैकी पोटॅशियमची वाढ सर्वांत घातक असते. तिच्यामुळे हृदयाचे ठोके मंद व अनियमित होतात आणि हृदय बंद पडू शकते. पूर्ण अवरोध न सुटल्यास साधारण तीन ते सहा दिवसांत मृत्यू होतो. हा मृत्यू वेदनादायक असतो. म्हणून पूर्ण अवरोधात ‘काही दिवस वाट पाहणे’ हा पर्याय पशुवैद्यक मान्य करत नाही.

मात्र हे बिघाड बहुतेक वेळा पूर्णपणे भरून येणारे असतात. अवरोध सुटून शिरेवाटे द्रव मिळाल्यावर मरणासन्न दिसणारा बोका दोन-तीन दिवसांत खाऊ लागतो. या आजारातील निर्णयाचा विचार करताना ही गोष्ट मध्यवर्ती ठरते.

उपचार

तातडीचे उपचार

प्रथम शिरेवाटे सलाईन सुरू केले जाते. पोटॅशियम वाढले असल्यास हृदयाच्या संरक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, तसेच पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी इन्सुलिन व डेक्स्ट्रोज दिले जाते. वेदनाशामक व गुंगीचे औषध देऊन मूत्रमार्गात कॅथेटर घातला जातो आणि अडकलेला बूच किंवा खडा द्रवाच्या दाबाने मागे मूत्राशयात ढकलला जातो. कॅथेटर साधारणतः एक ते तीन दिवस ठेवून लघवी बंद पिशवीत गोळा केली जाते. अवरोध सुटल्यानंतर काही बोक्यांत लघवीचे प्रमाण एकदम फार वाढते. त्या काळात शरीरातील द्रव व क्षार यांचा समतोल सतत तपासावा लागतो.

या पद्धतीने उपचार झालेल्या बोक्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जिवंत घरी परततात, असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. पुन्हा अवरोध होण्याचे प्रमाण अभ्यासागणिक बदलते. ते बहुधा १५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असते. पहिले काही दिवस व आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात.

कॅथेटरविना उपचार

रुग्णालयातील उपचारांचा खर्च न पेलल्यामुळे अनेक बोक्यांना दयामरण दिले जाते. हे लक्षात घेऊन ओहायो राज्य विद्यापीठातील एडवर्ड कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक स्वस्त पद्धत तपासली. तिचे निष्कर्ष इ.स. २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तीत कॅथेटर न घालता गुंगीची व वेदनाशामक औषधे दिली गेली, पोटावरून सुई घालून मूत्राशय रिकामा केला गेला, त्वचेखाली द्रव दिले गेले आणि बोक्याला शांत, अंधाऱ्या जागी ठेवले गेले. १५ पैकी ११ बोक्यांना आपोआप लघवी होऊन ते घरी गेले. खडा अडकलेला असल्यास किंवा रक्तातील बिघाड तीव्र असल्यास ही पद्धत योग्य नसते. परंतु पूर्ण उपचार आणि मृत्यू यांच्या मधोमध आणखी पर्याय असू शकतो, हे तिने दाखवून दिले.

शस्त्रक्रिया

वारंवार होणाऱ्या किंवा कॅथेटरने न सुटणाऱ्या अवरोधासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत शिश्न काढून टाकले जाते, मूत्रमार्ग आजूबाजूच्या ऊतींपासून श्रोणीपर्यंत मोकळा केला जातो आणि त्याचा रुंद भाग उघडून गुदद्वाराखालील त्वचेला शिवला जातो. यामुळे लघवीला अरुंद टोकातून जावे लागत नाही. विल्सन व हॅरिसन यांनी इ.स. १९७१ मध्ये वर्णन केलेली पद्धत आजही या शस्त्रक्रियेचा पाया मानली जाते. बोक्याचे खच्चीकरण झालेले नसल्यास ते याच वेळी केले जाते.

शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत म्हणून सुमारे दोन आठवडे गळ्याभोवती कॉलर बांधतात. जखमेला चिकटणाऱ्या मातीऐवजी लिटर ट्रेमध्ये कागदाचे तुकडे वापरतात. संभाव्य गुंतागुंतींत रक्तस्राव, टाक्यांतून लघवी झिरपणे, नवे छिद्र आकसणे आणि पुढील आयुष्यात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांचा समावेश होतो. छिद्र आकसण्याचे मुख्य कारण मूत्रमार्ग पुरेसा वरपर्यंत मोकळा न करणे हे असल्याने शल्यविशारदाचा अनुभव महत्त्वाचा ठरतो.

ही शस्त्रक्रिया मूत्राशयाच्या दाहाचे मूळ कारण दूर करत नाही. शस्त्रक्रियेनंतरही काही बोक्यांना रक्तमिश्रित लघवी व वेदनेचे झटके येतात; टळतो तो मुख्यतः प्राणघातक अवरोध. नॉर्वेतील ८६ बोक्यांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यात (इ.स. २०१२) अल्पकालीन व दीर्घकालीन गुंतागुंती आढळल्या, तरीही दीर्घकाळ जगलेल्या बोक्यांचे जीवनमान चांगले असल्याचे त्यांच्या बहुसंख्य मालकांनी सांगितले.

उपचाराचा निर्णय

खर्चाचे स्वरूप

या आजारातील खर्चाचा मोठा भाग औषधांवर नव्हे, तर वेळेवर होतो. रात्रंदिवस देखरेख, दर काही तासांनी रक्ततपासणी, कॅथेटरची निगा आणि भूल यांमुळे रक्कम वाढत जाते. शस्त्रक्रिया ठरल्यास शल्यविशारदाचे शुल्क व त्यानंतरचे रुग्णालयातील दिवस यांची भर पडते. पहिल्या अवरोधाचा एकूण खर्च आरंभी सांगता येत नाही, कारण कॅथेटर काढल्यानंतर मार्ग पुन्हा बंद होईल की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे मालकाला एका रकमेचा नव्हे, तर वाढू शकणाऱ्या रकमेचा निर्णय घ्यावा लागतो.

शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते, तर अवरोध सोडवण्याचा खर्च प्रत्येक वेळी नव्याने येतो. दोन-तीन अवरोधांवरील एकत्रित खर्च शस्त्रक्रियेच्या जवळ पोहोचू शकतो. या हिशेबामुळे काही पशुवैद्य मर्यादित ऐपतीच्या मालकांशी दुसऱ्या अवरोधाच्या वेळीच शस्त्रक्रियेची चर्चा करतात. उलट, पहिल्या अवरोधानंतर अनेक बोक्यांना पुन्हा कधीही अवरोध होत नाही. त्यांच्यावर लगेच शस्त्रक्रिया करणे म्हणजे अनावश्यक जोखीम ठरेल, असे मानले जाते. पाळीव प्राण्यांच्या विम्यात आधीपासून असलेला आजार सामान्यतः वगळलेला असतो. त्यामुळे पहिला अवरोध झाल्यानंतर काढलेला विमा या आजारासाठी क्वचितच उपयोगी पडतो.

आतापर्यंत झालेला खर्च पुढील निर्णयाचे कारण ठरू नये, हे तत्त्व पशुवैद्यकीय नीतिशास्त्रात वारंवार मांडले जाते. ‘एवढे घातले आहेतच, तर आणखी घालू’ या विचाराने निर्णयाचा केंद्रबिंदू मांजरावरून पैशावर सरकतो.

जीवनमानाचे मोजमाप

प्राण्यांच्या जीवनमानाविषयीच्या आधुनिक विचाराचा एक पाया ‘पाच स्वातंत्र्ये’ हा आहे. ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीच्या इ.स. १९६५ च्या अहवालातून ही कल्पना पुढे आली आणि १९७९ मध्ये शेतीपशू कल्याण परिषदेने तिला आजचे रूप दिले. भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-रोग आणि भय यांपासून मुक्तता व नैसर्गिक वर्तनाची मोकळीक ही ती पाच स्वातंत्र्ये होत.

आजारी पाळीव प्राण्यांसाठी अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी इ.स. २००४ मध्ये एक मापनश्रेणी मांडली. तीत वेदना, भूक, शरीरातील पाण्याचे प्रमाण, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि ‘वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का’ अशा सात निकषांना प्रत्येकी ० ते १० गुण दिले जातात. एकूण गुण ३५ च्या वर असल्यास जीवनमान स्वीकार्य मानले जाते. वेदनेच्या मापनासाठी माँट्रियल विद्यापीठात विकसित झालेली आणि इ.स. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली मांजराच्या चेहऱ्याची श्रेणी वापरली जाते. तीत कानांची ठेवण, डोळ्यांचे मिटणे, नाकपुडीभोवतीचा ताण, मिशांची ठेवण आणि डोक्याची स्थिती यांना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. १० पैकी ४ किंवा अधिक गुण झाल्यास वेदनाशामकाची गरज सूचित होते. मांजर वेदना लपवणारा प्राणी असल्यामुळे अशा श्रेणीचा उपयोग विशेष होतो.

या श्रेणी मूत्रमार्ग अवरोधात वापरताना एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. रुग्णालयात आणल्याच्या क्षणी अवरोध झालेल्या बोक्याचे गुण जवळजवळ शून्य असतात : तो वेदनेत असतो, खात नाही, हालत नाही. असाध्य कर्करोगात असे गुण आयुष्याच्या अखेरीकडे निर्देश करतात. अवरोधात मात्र ते एका अडकलेल्या बुचाकडे निर्देश करतात. म्हणून तात्काळ घेतलेले मोजमाप दयामरणाचा आधार ठरत नाही. अवरोध सुटून दोन-तीन दिवस झाल्यावर बोका कसा आहे आणि घरी गेल्यावर पुढील महिन्यांत त्याचे दिवस कसे जातात, हे मोजमाप निर्णायक मानले जाते. त्यासाठी मालकाने दिनदर्शिकेवर रोज चांगल्या किंवा वाईट दिवसाची खूण करण्याची साधी पद्धत सुचवली जाते. स्मरणशक्ती शेवटचा दिवस मोठा करून दाखवते. खुणा महिन्याचे खरे चित्र दाखवतात.

विचारात घेतले जाणारे घटक

* वय व इतर आजार : चार वर्षांच्या निरोगी बोक्याला शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांचे आयुष्य मिळू शकते. वय हा स्वतः आजार नव्हे. मात्र मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा हृदयरोग असल्यास भुलेची जोखीम वाढते व अपेक्षित आयुष्य घटते.
* अवरोधाचे कारण : खडे असल्यास ते काढून व आहार बदलून पुन्हा अवरोध टाळता येतो. मूत्रमार्गात व्रणामुळे कायमचा अरुंदपणा आला असल्यास शस्त्रक्रियेला फारसा पर्याय उरत नाही.
* अवरोधांची वारंवारता : दोन अवरोधांमधील काळ किती आणि तो कसा गेला, याला एकूण संख्येइतकेच महत्त्व आहे.
* मांजराचा स्वभाव : रुग्णालयात भीतीने खाणे सोडणाऱ्या, हाताळू न देणाऱ्या बोक्यासाठी प्रत्येक दाखल होणे हाच मोठा त्रास असतो. आजची वेदना उद्याच्या बरेपणासाठी आहे, हे त्याला समजावता येत नाही.
* घरची काळजी : औषधे, ओले खाद्य, लघवीवर लक्ष आणि तातडीच्या वेळी रुग्णालय गाठण्याची सोय यांवर परिणाम अवलंबून असतो.

या घटकांचा विचार करून पशुवैद्य अनेकदा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडतात : प्रथम अवरोध सोडवणे, ठरावीक दिवसांनी पुनर्विचार करणे आणि कोणत्या स्थितीत थांबायचे हे आधीच ठरवणे. थांबण्याची मर्यादा शांतपणे आधी ठरलेली असल्यास मध्यरात्री रुग्णालयात घाईने निर्णय घ्यावा लागत नाही. सर्वांत महागडा उपचार हाच एकमेव योग्य उपचार न मानता, मालकाच्या ऐपतीत बसणारे व प्राण्याचा त्रास कमी करणारे अनेक स्तरांचे पर्याय समोर ठेवावेत, असा विचार अलीकडे पशुवैद्यकात दृढ झाला आहे.

मालकावरील भार

आजारी प्राण्याची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या मालकांवरील मानसिक भाराचा अभ्यास अमेरिकेतील केंट राज्य विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनागेल व सहकाऱ्यांनी केला. इ.स. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३८ मालकांचा समावेश होता. गंभीर किंवा जुनाट आजार असलेल्या प्राण्यांच्या मालकांत, निरोगी प्राण्यांच्या मालकांच्या तुलनेत, भार, ताण व नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. त्यामुळे मालकाची थकवा येण्याची मर्यादा ही लाजेची बाब नसून निर्णयातील एक वैध घटक आहे, असे मानले जाऊ लागले आहे. खर्चामुळे उपचार सोडावा लागलेल्या मालकांत अपराधभाव दीर्घकाळ टिकू शकतो. वाचवता येण्याजोग्या प्राण्याला केवळ पैशाअभावी दयामरण देण्याचा ताण पशुवैद्यांवरही येतो.

दयामरण

उपचार शक्य नसल्यास किंवा जीवनमान सुधारण्याची आशा नसल्यास दयामरणाचा पर्याय उरतो. यात प्रथम गुंगी आणून नंतर शिरेवाटे बार्बिट्युरेट गटातील औषधाची मोठी मात्रा दिली जाते. काही क्षणांत बेशुद्धी येते व हृदय थांबते. पूर्ण अवरोध झालेल्या बोक्याला उपचार न करता घरी नेणे हे दयामरणाहून अधिक क्रूर मानले जाते, कारण त्याचा शेवट विषबाधेसारख्या अवस्थेत, जाणीव असताना होतो. पैशाअभावी उपचार थांबवावा लागल्यास दयामरणापूर्वी कॅथेटरविना उपचार, प्राणिकल्याण संस्थांची मदत, हप्त्यांची सोय किंवा उपचाराची जबाबदारी घेणाऱ्याकडे मांजर सोपवणे हे पर्याय तपासले जातात.

भारतातील कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ३ नुसार प्राण्याची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने त्याच्या कल्याणासाठी आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत यासाठी सर्व वाजवी उपाय करणे हे तिचे कर्तव्य आहे. भूक किंवा तहानेने वेदना होण्याचा संभव असलेल्या स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा कलम ११ नुसार अपराध आहे. आजारी मांजर रस्त्यावर सोडणे या कलमाखाली येऊ शकते. जिवंत ठेवणेच क्रूरतेचे ठरेल अशा प्राण्याचा अंत करण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींविषयीच्या खटल्यात या अधिनियमाच्या कलमांचा अर्थ लावताना पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. महागडी शस्त्रक्रिया करण्याची सक्ती मात्र कोणताही कायदा मालकावर करत नाही.

भारतीय विचारपरंपरा

अहिंसेच्या प्रभावामुळे भारतात आजारी जनावराला मारण्याऐवजी त्याच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत सांभाळण्याची परंपरा आहे. पांजरपोळ ही तिची संस्थात्मक अभिव्यक्ती होय. मुंबईचा पांजरपोळ इ.स. १८३४ मध्ये स्थापन झाला. दयामरणाला होणारा कौटुंबिक विरोध बहुधा याच परंपरेतून येतो.

या प्रश्नावरील एक गाजलेला वाद इ.स. १९२८ मध्ये झाला. साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होते आणि डॉक्टरांनी त्याची आशा सोडली होती. महात्मा गांधींनी त्याला इंजेक्शनद्वारे मरण देवविले. त्यावर देशभरातून तीव्र टीका झाली. गांधींनी आपल्या नियतकालिकांतून कृतीचे समर्थन केले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता की, प्राण घेणे म्हणजे प्रत्येक वेळी हिंसा नव्हे; हेतू स्वार्थाचा आहे की पीडिताच्या सुटकेचा, यावर ते ठरते. मात्र त्यांनी दिलेल्या समर्थनात उपचाराचा कोणताही उपाय शिल्लक नसणे ही महत्त्वाची अट होती. मूत्रमार्ग अवरोधात उपचार उपलब्ध असतो, फक्त त्याला किंमत असते. म्हणून हा युक्तिवाद येथे जसाच्या तसा लागू होत नाही. वारंवार अवरोध होऊन मूत्रपिंडे निकामी झालेल्या बोक्याच्या बाबतीत मात्र तो लागू होऊ शकतो.

इतर खर्चिक शस्त्रक्रियांशी तुलना

मांजरांवर केली जाणारी प्रत्येक महागडी शस्त्रक्रिया एकाच मापाने मोजता येत नाही, हे मूत्रपिंड प्रत्यारोपणाशी तुलना केल्यावर स्पष्ट होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विभागात क्लेअर ग्रेगरी व आयरा गॉर्ली यांनी इ.स. १९८७ मध्ये मांजरांत या प्रत्यारोपणाची सुरुवात केली. प्रत्यारोपणानंतर मांजराला आयुष्यभर सायक्लोस्पोरिन व प्रेडनिसोलोन ही रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात. इ.स. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० मांजरांच्या अभ्यासात प्रत्यारोपणानंतरच्या आयुष्याचा मध्यक ६१३ दिवस होता. शिवाय यासाठी दुसऱ्या जिवंत मांजराचे मूत्रपिंड घेतले जाते. दाते मांजर संमती देऊ शकत नाही. अमेरिकेत दात्या मांजराला प्राप्तकर्त्याच्या घरी दत्तक घेण्याची अट घातली जाते. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या नियामक संस्थेने मात्र जिवंत दात्या मांजराचा वापर अस्वीकार्य ठरवला आहे.

याउलट मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेत दुसऱ्या प्राण्याला इजा होत नाही, आयुष्यभराची औषधे सहसा लागत नाहीत आणि तरुण बोक्याला अनेक वर्षांचे सामान्य आयुष्य मिळू शकते. तिच्या बाबतीत मालकासमोरचा प्रश्न बहुतेक वेळा ‘हे करणे योग्य आहे का’ असा नसून ‘हे परवडेल का’ असा असतो. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यास, परवडत नसलेला उपचार मांजराच्याच हिताचा नव्हता अशी समजूत करून घेतली जाते. किंवा परवडतो म्हणून मांजराच्या हिताचा नसलेला उपचार केला जातो.

महाराष्ट्रातील उपचारसोयी

मुंबईत परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून कार्यरत आहे. त्याच परिसरात इ.स. १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. हे महाविद्यालय, तसेच नागपूर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूरस्थित महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. इ.स. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. मोठ्या शहरांबाहेर पशुवैद्यकीय सेवेचा भर गाय, म्हैस, शेळी अशा पशुधनावर असतो. त्यामुळे तेथे मांजराच्या मूत्रमार्गात बसेल असा बारीक कॅथेटर किंवा रात्रीची देखरेख मिळणे हीच मोठी अडचण असते, आणि खर्चात प्रवासाची व वाया गेलेल्या तासांची भर पडते.

प्रतिबंध

पुन्हा अवरोध टाळण्याचे उपाय तुलनेने स्वस्त आहेत. ओले खाद्य देऊन व पाण्याची भांडी वाढवून लघवी पातळ ठेवणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि स्फटिकांच्या प्रकारानुसार पशुवैद्याने सुचवलेला आहार देणे यांचा त्यात समावेश होतो. लिटर ट्रेची संख्या मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असावी, त्या रोज स्वच्छ कराव्यात आणि त्या गोंगाटापासून दूर ठेवाव्यात, अशी शिफारस केली जाते. उंच बसण्याची जागा, लपण्याची जागा, रोजचा खेळ आणि दिनक्रमातील सातत्य यांमुळे ताण कमी होतो. शस्त्रक्रिया झालेल्या बोक्यांनाही हे उपाय चालू ठेवावे लागतात, कारण शस्त्रक्रियेने मार्ग रुंद झालेला असतो, आजाराचे मूळ कायम असते.

हेही पहा

* मांजर
* मूतखडा
* पशुवैद्यक
* पांजरपोळ
* दयामरण
* प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६०